दिवसाला आठ युरो

शनिवार, ६ जुलै. सावोना

बोट सुटली तेव्हा धक्क्यावर आमचं कुणी नव्हतं, तरी मी हात हलवला. बोटीवर नोकरी करणाऱ्या नवऱ्याला निरोप देण्यात तीस वर्षं गेली. बोट हलली की हात आपोआप वर जातो. आज पहिल्यांदा मी बोटीवर होते आणि धक्काच मागे मागे जात होता.

आम्ही चौघं आहोत. मी, माझी नातवंडं नोएमी आणि तोबिया, आणि विहीणबाई असुंता, म्हणजे सुनेची आई, पार दक्षिणेतल्या लेच्चेहून आलेल्या. सहलीचे पैसे माझ्या मुलाने, रुज्जेरोने भरलेत. त्याला फिनलंडच्या गोदीत दोन वर्षांचं काम मिळालंय. सप्टेंबरात तो, सून रोझाल्बा आणि सात वर्षांचा तोबिया तिकडे जातील. नोएमी मात्र जायला तयार नाही. ती अकरा वर्षांची, माध्यमिक शाळेचं हे पहिलंच वर्ष, आणि "फिन लोकांच्या भाषेत गणित मी शिकणार नाही" म्हणते. तेव्हा ती एका आजीकडे राहील. कामोलीत माझ्याकडे, नाहीतर लेच्चेला असुंताकडे. कुणाकडे ते तिने ही सहल संपताना बापाला सांगायचंय.

"आई, आठ दिवस नीट राहा," रुज्जेरो निघताना म्हणाला. "स्पर्धा नको."

"कसली स्पर्धा?" मी म्हटलं.

पण समुद्राकडची खोली मी मे महिन्यातच रंगवून घेतली आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

केबिनी दोन, समोरासमोर. तोबियाने जाहीर केलं, "मी मिरेला आजीकडे झोपणार. असुंता आजी घोरते."

"घोरते म्हणून तर चोर येत नाहीत," असुंता म्हणाल्या, आणि नोएमीची बॅग ओढत घेऊन गेल्या. मला लागलं. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

इथे रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड, ते यंत्राला लावायचं की झालं. मुलांचा खर्च माझ्या नावावर पडतो. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की मुलांच्या कार्डांना रोजची मर्यादा घालता येते, त्यापुढे यंत्रच नाही म्हणतं. मला फार बरं वाटलं. आठ युरो लिहून दिले.

"आठ?" असुंता मागून म्हणाल्या. "इथे लिंबाच्या बर्फाला साडेतीन पडतात."

"मग दोन होतात, आणि वर एक युरो उरतो."

"विहीणबाई, तुमच्या कामोलीत समुद्र लाटासुद्धा मोजून सोडत असेल नाही?"

काउंटरवरची मुलगी हसली. मीही हसले. मुलांना देणं सोपं असतं. नाही म्हणायला कुणीतरी लागतं. नोएमी आज ना उद्या हे ओळखेल, ती हुशार आहे.

रविवार, ७ जुलै. मार्सेय

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर कुनेओचे दातांचे डॉक्टर गास्ताल्दी आणि त्यांच्या पत्नी बसतात. भली माणसं आहेत. डॉक्टरांनी तोबियाचा पडायला आलेला दात बघून दिला, फी म्हणून एक ऑलिव्ह घेतला.

जेवणाआधी मी एक चांगली पद्धत सुरू केली आहे. केबिनमधल्या टीव्हीवर त्या दिवसाच्या खर्चाची यादी दिसते. वस्तूचं नाव, वेळ, किंमत. मी ती मोठ्याने वाचते आणि ज्याचा खर्च त्याने कारण सांगायचं. नन्सच्या शाळेत असताना झोपण्यापूर्वी सिस्टर गाउदेन्झिया आम्हाला पलंगाशेजारी उभ्या करत आणि दिवसभरात काय चुकलं ते एकेकीला आठवायला लावत. तेव्हा पाय गारठत, रडू येई. आता वाटतं, त्या पाच मिनिटांनी आयुष्यभर पुरेल इतकं वळण लावलं. त्या लांबलचक खोलीतला साबणाचा वास अजून नाकात आहे.

तोबिया छातीवर हात ठेवून उभा राहिला. "खेळाच्या यंत्रातलं पेंग्विन. दोन युरो. मिळालं नाही. परत दोन युरो. परत मिळालं नाही. मला पश्चात्ताप होतोय."

"कशाचा?"

"पेंग्विन मिळालं नाही याचा."

नोएमी पलंगावर लोळून हसली. मग तीही उभी राहिली, अगदी गंभीर चेहऱ्याने. "लिंबाचा बर्फ, एक. कारण तहान. हेतू शुद्ध."

असुंता दारात उभ्या होत्या. "देवा रे," म्हणाल्या, "इथे बर्फाचासुद्धा कबुलीजबाब द्यावा लागतो."

पण मुलं हसत होती. मी वाचत होते आणि नोएमी माझ्या खांद्याला टेकून बसली होती. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता. दोन वर्षं असं रोज.

मंगळवार, ९ जुलै. पाल्मा

आज मर्यादेचा उपयोग झाला.

सकाळी मी पायऱ्यांजवळच्या दुकानाबाहेर बाकावर बसले होते. तोबिया धावत आला. "आजी, नोएमीचं कार्ड चाललं नाही! यंत्राने पीं केलं!" मी आत जाईपर्यंत नोएमीने घेतलेली वस्तू परत ठेवली होती. गल्ल्यावरचा पोरगा काहीतरी सांगायला लागला तर तिने माझा हात धरून मला बाहेरच ओढलं.

"काय घेत होतीस?"

"काही नाही."

"काही नाहीला कार्ड अडत नाही."

तिची मान खाली. मी तिथेच, जिन्याजवळ, लोक ये-जा करत असताना तिला समजावलं की हाव कशी असते, आधी बोट धरते आणि मग कोपर. बऱ्यापैकी बोलले. आठ युरोंच्या आत राहायला शिकलीस तर पुढे आयुष्यात कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असंही म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोचलं.

दुपारी पोहायला आली नाही. या उन्हात कमरेला स्वेटर बांधून हिंडत होती. ही म्हणे फॅशन. चेहरा फुगलेला. रुसली आहे तर रुसू दे. रुज्जेरोही असाच रुसायचा, संध्याकाळपर्यंत विसरायचा. मला मुलगी नाही, पण पोरं सगळी सारखीच.

बुधवार, १० जुलै. दिवसभर समुद्रात

कालच्या त्या प्रकारानंतर नोएमीच्या कार्डावर एक सेंटही खर्च नाही. काल रात्री वाटलं, बोलणं फळाला आलं. आज तसं वाटत नाही.

तिच्या खांद्याला आता सतत एक पिवळी कापडी पिशवी असते. जेवतानाही खाली ठेवत नाही. आणि दुपारी मी असुंताला दुकानातून कागदी पुडकं घेऊन येताना पाहिलं. मला बघताच त्यांनी ते काखेत लपवलं. म्हणजे इकडे मी नाही म्हणायचं आणि तिकडे यांनी मागच्या दाराने हो म्हणायचं. मी वाईट, त्या चांगल्या. पोरगी विकत घेणं चाललंय.

इथवर मी समजू शकले असते. पण चारच्या सुमारास तोबियाची टोपी मागायला त्यांच्या केबिनपाशी गेले तर दार थोडं उघडं होतं.

असुंता म्हणत होत्या, "अगं, मावशी आली म्हणून कुणी इतकं रडतं का? यायचीच होती ती."

नोएमी म्हणाली, "मिरेला आजीला सांगायचं नाही. शपथ घे."

"घेतली बाई. घे ही पिशवी, पोटाशी धर, गरम आहे."

मी टोपी न मागताच परत आले. 

असुंताला एक बहीण आहे, कोझिमा. लेच्चेच्या माध्यमिक शाळेत शिकवते. रोझाल्बाची मावशी, म्हणून पोरंही मावशीच म्हणतात. उद्या आम्ही पालेर्मोला लागतोय. ती तिथे येणार, किंवा आलेलीही असेल. शाळा, वर्ग, सगळं ठरवून टाकणार आणि मला सांगणार शेवटी. आणि पोरगी रडतेय, म्हणजे तिच्या मनाविरुद्ध चाललंय. मला निदान एवढं तरी दिसतं.

रात्रीच्या जेवणाला नोएमीने अर्धा पाव चिवडला, पोट दुखतं म्हणाली. लेच्चेवाल्यांचं तळणीचं खाणं.

गुरुवार, ११ जुलै. पालेर्मो

सकाळी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर उतरले आणि दोन तास उभी राहिले. कोझिमा आली नाही. कोझिमासारख्या दिसणाऱ्या एका बाईच्या मागे मी फळांच्या गाड्यांपर्यंत गेले. ती वळली तर तिशीतली निघाली.

असुंता म्हणाल्या, "विहीणबाई, कुणाची वाट बघताय का?"

केवढा निगरगट्टपणा.

आज जेवताना स्पष्टच विचारणार आहे. चारचौघांत विचारलं की लपवता येत नाही.

शुक्रवार, १२ जुलै. सकाळ

लिहायचं नव्हतं. पण या वहीत खोटं लिहिलेलं नाही आणि न लिहिणं म्हणजेही एक खोटंच. तेव्हा जसं झालं तसं लिहिते.

गोड पदार्थ आला होता. पन्ना कोत्ता, वर लाल रस. मी नोएमीला म्हटलं, "दोन दिवस तुझ्या कार्डावर काही नाही. मग या पिशवीत रोज काय भरतंय?"

"आजी, नंतर सांगते."

"नंतर का? आपल्या घरात लपवाछपवी नसते."

असुंता म्हणाल्या, "विहीणबाई, खा. वितळतंय ते."

"तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्याच पैशांचं आहे ना सगळं? की मावशीबाईंचाही वाटा आहे?"

नोएमी पांढरी पडली. "तुला कुणी सांगितलं?" तिने माझ्याकडे नाही, असुंताकडे बघून विचारलं.

पकडलं, असं मला वाटलं. हेच मला आता सर्वांत जास्त टोचतं, की त्या क्षणी मला आनंद झाला होता.

मी पिशवीचा बंद ओढला. तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली. "आजी, नको. प्लीज, नको. आजी, नको." मी पिशवीचा तळ धरला आणि टेबलावर उलटी केली.

केसांचं रबर. शिंपला. एक पुस्तक. चिप्सचं अर्धं पाकीट. आणि एक जांभळं, फोडलेलं पाकीट. त्यातल्या दोन घड्या घसरत डॉक्टर गास्ताल्दींच्या ग्लासाला जाऊन टेकल्या.

मी बघत राहिले. समजायला मला किती वेळ लागला देव जाणे. पांढरंशुभ्र टेबलक्लॉथ, वर दिवे, आणि ते.

पहिल्या हलल्या असुंता. त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला, त्यावर टाकला, आणि पत्ते गोळा करावेत तसं सगळं शांतपणे गोळा केलं. "माझं आहे ते," म्हणाल्या. "मीच ठेवायला दिलं होतं पोरीकडे."

अडुसष्ट वर्षांची बाई.

तोबिया म्हणाला, "काय आहे ते?"

"म्हाताऱ्यांचे लंगोट."

"असुंता आजी, तू लंगोट घालतेस?"

"घोरताना घालते. तू तुझं खा."

डॉक्टरांच्या पत्नी, जेमतेम पाच दिवसांची ओळख, पण पुढे वाकून म्हणाल्या, "कुठे मिळाले हो? मलाही घ्यायचेच आहेत." डॉक्टर ग्लासातल्या वाइनकडे असे बघू लागले की जणू तिच्यात किडका दात आहे. सगळे आपापल्या परीने त्या पोरीला झाकत होते. मी सोडून सगळे. 

नोएमी रडली नाही. ताठ बसून होती. थोड्या वेळाने तिने चमचा ताटलीत नीट आडवा ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, मी उठू?"

जेवणावरून परवानगीशिवाय उठायचं नाही, हे मीच शिकवलेलं. त्या अवस्थेतही तिने ते पाळलं. मी मान हलवली. ती गेली, असुंता तिच्या मागे गेल्या.

आणि मी पन्ना कोत्ता संपवली. का, ते मला सांगता येणार नाही. टाकायचं नसतं, एवढंच हाताला माहीत होतं.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा मला वाटलं होतं की मी मरणार. शाळेच्या न्हाणीघरात, जानेवारीत, गार पाण्याखाली कपडा चोळत होते. सिस्टर गाउदेन्झिया आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. झग्याच्या बाहीतून कापडाची घडी काढून माझ्या हातात दिली, आणि बाहेर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून. आयुष्यभर मी त्यांना मनातल्या मनात बोल लावले, की काही समजावून सांगितलं नाही, दोन शब्द मायेचे बोलल्या नाहीत. खरं आहे, नाही बोलल्या. पण ती घडी बाहीत लपवून आणली होती त्यांनी. माझ्यासाठी बाहेर उभं राहून दार धरलं होतं. मी त्यांच्याकडून काय उचललं? पलंगाशेजारी उभं करणं.

शुक्रवार, संध्याकाळ. चिव्हितावेक्किया

कुणीच उतरलं नाही. तोबिया मुलांच्या खोलीत खेळतोय. नोएमी केबिनमध्ये, दार बंद. मी दोनदा गेले आणि दोनदा दार न वाजवता परतले.

असुंता वरच्या डेकवर सावलीत भेटल्या. पाय खुर्चीवर टाकून बसल्या होत्या. मी उभीच राहिले.

"बसा, विहीणबाई. तुम्ही उभ्या राहिल्यात तर मला वाटतं मला शिक्षा होतेय."

मी बसले. "मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती पोरीने."

"मी तिची आजी आहे."

"तुमच्याकडेच येणार होती ती. तुमचं नाव घेतलं तिने आधी, खोटं कशाला सांगू. मंगळवारी स्वतःच गेली दुकानात, एकटी, शहाणी. कार्डावर बसलं असतं, पण सकाळी तोबियाला बर्फ घेऊन दिला होता. यंत्र पीं झालं. मग तुमचं ते भाषण झालं जिन्यात."

मी गळ्यातलं कार्ड उलटं केलं.

"तरी मी म्हटलं, जा, सांग तिला, ती काही वाघ नाही. तर म्हणते, संध्याकाळी ते टीव्हीवर येईल आणि मिरेला आजी मोठ्याने वाचेल. तोबियासमोर. आणि मला कारण सांगावं लागेल." असुंतांनी पाय खुर्चीवरून खाली घेतले. "कारण काय सांगणार होती हो ती? हेतू शुद्ध?"

मला तोंड लपवावंसं वाटलं. डेक सगळीकडून उघडा. शेवटी म्हटलं, "मला वाटलं, कोझिमा येतेय."

"कोण कोझिमा?"

"तुमची बहीण. तुम्ही म्हणालात ना, मावशी आलीय."

असुंता माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग हसायला लागल्या. खुर्ची हलेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत. "म्हणून तुम्ही धक्क्यावर उभ्या होतात? अहो, आमच्या गावात त्यालाच मावशी म्हणतात! मावशी आली, चार दिवस राहिली, गेली. तुमच्याकडे काय म्हणतात मग?"

"मार्क्विस आले म्हणतात," मी म्हटलं.

"मार्क्विस! बघा, चिकट लोक, पण पाहुणा मात्र खानदानी." आणि पुन्हा हसल्या. मीही हसले. हसता हसता लाज वाटली, की मी हसतेय आणि खाली केबिनमध्ये ती पोर.

"काय करू आता?" मी विचारलं.

"मला विचारू नका. मी सांगितलं आणि तुम्ही केलंत, तर ते माझं होईल."

मग काउंटरवर गेले. मर्यादेबद्दल बोलायचंय म्हटलं, काढूनच टाका म्हणणार होते. मुलीने विचारलं, "किती करू?" आणि माझ्या लक्षात आलं की आज ती काढली तर ती लाच होईल. उद्या सकाळी नोएमी बापाला नाव सांगणार आहे, आणि मी आज पैसे वाढवणार. असुंतावर मी जो आळ घेतला तेच मी करायला निघाले होते. "काही नाही," म्हणून परत आले. खरं तर या क्षणीसुद्धा, हे लिहिताना, माझ्या मनात त्या पोरीच्या अपमानाइतकंच हेही आहे की ती आता माझ्याकडे येणार नाही. दोन्ही दुःखं एकाच ताटात आहेत. मला वेगळी करता येत नाहीत.

सहा वाजता रुज्जेरोचा फोन आला. असुंता त्याला काहीही सांगणार नव्हत्या, ते मला माहीत होतं. म्हणून मीच सांगितलं. नोएमी मोठी झाली, एवढं म्हटलं, त्याला कळलं. मग म्हटलं, "काल जेवताना तिच्या पिशवीतून ते सगळं टेबलावर पडलं. लोकांसमोर. पोरगी फार लाजली. माझंही जरा चुकलंच, मी पिशवीबद्दल बोलले."

"अरेरे," रुज्जेरो म्हणाला. "होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस, आई."

फोन ठेवला तेव्हा हलकं वाटलं. पाच मिनिटं. मग कळलं, कशाने हलकं वाटतंय.

पडलं नाही. मी पाडलं.

सहासष्ट वर्षांची झाले आणि कबुलीजबाबातही मापात मारते.

शनिवार, १३ जुलै. सावोना, परत

हे कामोलीला स्वयंपाकघरात बसून लिहितेय. घरात मी एकटीच आहे.

सकाळी उतरण्यासाठी सगळ्यांना मोठ्या दालनात बसवलं होतं. बॅगांना रंगीत चिठ्ठ्या, ज्याचा रंग पुकारतील त्याने निघायचं. आमचा रंग हिरवा. असुंता तोबियाला घेऊन पाव आणायला गेल्या. मुद्दाम गेल्या असाव्यात. नोएमी माझ्याशेजारी बसली होती, मध्ये एक खुर्ची सोडून.

मी म्हटलं, "नोएमी, माझ्याकडून फार मोठी चूक झाली."

"हं."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणून काय झालं? मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "तीनदा म्हटलं."

खरं होतं. काहीही असतं त्या पिशवीत, चिप्स असत्या, पेंग्विन असतं, तरी ती नको म्हणत होती. दोन दिवस मी फक्त पिशवीत काय निघालं याची लाज बाळगत होते. ती त्याआधीची गोष्ट सांगत होती.

"हो," मी म्हटलं. "तीनदा म्हणालीस. मी ऐकलं होतं."

तिने चिठ्ठीची दोरी बोटाला गुंडाळली. "बाबांना काय सांगितलंस?"

सांगावं लागलं. "सांगितलं की पिशवीतून पडलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तोबियाने दात घासले म्हणून थाप मारली की ती त्याच्याकडे जसं बघते, तसं.

मी फोन काढला. चष्मा सापडेना, तिनेच नंबर लावून दिला. दालनात शेकडो माणसं, पोरं रडतायत, भोंग्यावर रंग पुकारतायत. मी म्हटलं, "रुज्जेरो, काल मी तुला नीट सांगितलं नाही. ते पडलं नव्हतं. नोएमी नको नको म्हणत असताना मी तिच्या हातातून पिशवी ओढून सगळ्यांसमोर उलटी केली. असुंताला वाईट ठरवायचं होतं म्हणून."

 मग, "आई, असं कसं केलंस तू?" तो आईशी बोलतो तसं नाही. एखादा बाप बोलेल तसं बोलला, आणि तो आहेच बाप.  

नोएमीने हात पुढे केला. मी फोन दिला. मला वाटलं, बाजूला जाऊन बोलेल. ती तिथेच बसून, नेहमीच्या आवाजात बोलली.

"बाबा, मी. हो, बरी आहे... बाबा, मी असुंता आजीकडे जाणार. लेच्चेला." थोडं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं, नजर वळवली नाही. "नाही, त्यासाठी नाही. तिथे चित्रकलेचा वर्ग आहे, आणि असुंता आजी एकटीच असते." मग पुन्हा ऐकलं. "त्यासाठीपण."

समोरच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. नोएमी त्याच आवाजात पुढे म्हणाली, "मला पाळी आली होती, बाबा, आणि मला घाबरायला झालं होतं. आणि मला यादीत यायचं नव्हतं. एवढंच."

गृहस्थांनी पान उलटलं. छत कोसळलं नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही.

पाळी. मी हा शब्द या वहीत आज पहिल्यांदा लिहिला. माझ्या आईने तो माझ्यासमोर कधी उच्चारला नाही, मी कुणासमोर उच्चारला नाही. मावशी, मार्क्विस, ते, असं म्हणत म्हणत मी सहासष्ट वर्षांची झाले. अकरा वर्षांच्या मुलीने तो भर सकाळी दालनात उच्चारला आणि फोन मला परत दिला, अजून गरम.

भोंग्यावर हिरवा पुकारला. "चल, आजी," ती म्हणाली, "आपलं आलं." आणि माझ्या पुढे चालू लागली.